काटा डावीकडे गेला

मी गॅल्व्हानोमीटर बोलतोय. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये चार नंबरच्या टेबलावर माझी जागा होती. माझ्यावर खोटं दाखवल्याचा ठपका आहे. माझी बाजू कुणी विचारली नाही, म्हणून आपणहून सांगतो.

माझं अंग साधं. काळी पेटी, पुढे काच, काचेमागे काटा आणि बरोबर मध्यावर शून्य. वीज लाल खुंटीतून आत शिरली की काटा उजवीकडे, काळ्या खुंटीतून शिरली की डावीकडे. जन्मलो तेव्हा मला एवढंच शिकवलं होतं.

माझ्या टेबलावर प्रयोग एकच. तारेच्या कॉइलमध्ये चुंबक न्यायचा, बाहेर काढायचा आणि माझा काटा कुठे जातो ते बघायचं. बॅटरी नाही, काही नाही, तरी वीज येते. येते तीही भांडतच. चुंबक जवळ आला की त्याला मागे ढकलते, निघाला की धरून ठेवते. ज्या हालचालीमुळे जन्मली, तिलाच आडवी जाते. मला हा स्वभाव फार आवडतो. त्या भांडणाची दिशा सांगायची, हे माझं काम.

चार वर्षांपूर्वी मी टेबलावरून पडलो आणि आतली तार निसटली. दुरुस्तीसाठी तीन अर्ज गेले, उत्तर एकाचंही आलं नाही. शेवटी मामांनी मला उघडलं. मामा म्हणजे लॅबमधले शिपाई. सरांपासून मुलांपर्यंत सगळ्यांचे मामाच. जोडाचा डाख वितळवताना दुसरी तारही सुटली. त्यांनी दोन्ही पुन्हा जोडल्या. काटा हलला, मामा खूश झाले. तारांची अदलाबदल झाली होती, हे त्यांना कळलं नाही आणि मला सांगता आलं नाही.

त्यानंतर शेकडो मुलं आली. चुंबकाचा उत्तर ध्रुव आत गेला की माझा काटा डावीकडे जायचा आणि प्रत्येक जर्नलमध्ये लिहिलेलं असायचं, ‘उजवीकडे’. मागच्या वर्षीची जर्नल आदल्या दिवशीच उतरवून व्हायची. चुंबकाला हात लावायचा तो रीतीपुरता. सर वही बघून बरोबरची खूण करायचे. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

मग ती आली. वर्गात तिला शंकासुर म्हणायचे. गेल्या वर्षी आजारपणामुळे तिची प्रॅक्टिकल परीक्षा बुडाली होती. यंदा गुण कमी पडले असते तर आणखी एक वर्ष वाया गेलं असतं. परीक्षेत चिठ्ठी निघाली ती माझ्या टेबलाची.

तिनं चुंबक आत नेला. काटा डावीकडे. हळू नेला, जोरात नेला. डावीकडेच. तिनं तसं लिहिलं. बाहेरून आलेले परीक्षक तिच्यामागे येऊन थांबले.

“हे काय लिहिलंय?”

“दिसलं ते.”

“नियम पाठ नाही?”

“आहे ना सर. तो खाली लिहिलाय.”

खाली लिहिलं होतं : नियमाप्रमाणे काटा उजवीकडे जायला हवा. डावीकडचं खरं मानलं तर कॉइल चुंबकाला विरोध करण्याऐवजी आपणच आत ओढेल आणि फुकटची वीज देत बसेल. असं कुठे होत नाही. म्हणजे मीटरच्या तारा उलट्या असाव्यात. सेल मिळाल्यास तपासता येईल.

तिचे सर धावत आले. त्यांनी विचारलं की, इतकी वर्षं इतकी मुलं हाच प्रयोग करतात, ती सगळी काय आंधळी होती? मग आवाज हळू करून म्हणाले, खोड आणि उजवीकडे लिही, विषय संपला.

तिनं पेनाला टोपण लावलं. “खोडते सर. आधी सेल लावून बघू या.”

सर म्हणाले, सेल शिल्लक नाही. दाराशी मामा उभे होते. त्यांना पेन्शनला आठ महिने उरले होते. चहाचं निमित्त काढून सटकता आलं असतं. ते स्टुलावर चढले आणि भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून घेऊन आले.

वीज बेताचीच यावी म्हणून मध्ये मोठा रोध जोडून तिनं सेलची धन बाजू माझ्या लाल खुंटीला लावली. माझा काटा डावीकडे गेला.

“डाख मी लावला होता, साहेब,” मामा म्हणाले. “पोरीचे मार्क कापू नका.”

 परीक्षकांनी सकाळी चार नंबरवर बसलेल्या मुलांचे पेपर मागवले. तिघे होते. तिघांनीही ‘उजवीकडे’ लिहिलं होतं. त्या तिघांना निरीक्षणाला शून्य मिळालं, तिला पूर्ण गुण.

आता माझं काय झालं, तेही ऐका. दोन तारा बदलायला दहा मिनिटं पुरली असती. पण मामांना मेमो मिळाला आणि मला ‘नादुरुस्त’ची चिठ्ठी. चार वर्षं कुणी बघितलं नाही तोवर मी टेबलावर होतो, एकीनं बघितलं आणि कपाटात गेलो. वह्यांवर खुणा करणारा हात मात्र जागच्या जागी आहे.

कपाटाची काच पुसलेली नसली तरी मला चार नंबर दिसतो. तिथे नवा मीटर आहे. परवा नवी मुलं शंकासुराची जर्नल घेऊन आली, उतरवायला. तिनं ती दिली होती, फक्त त्या प्रयोगाच्या निरीक्षणावर कागद चिकटवला होता. मुलांनी तिला शिव्या घातल्या. नखानं खरवडून पाहिलं, कागद निघेना. शेवटी एकजण वैतागून म्हणाला, “आण तो चुंबक इकडे.”

आणि चौघांनी माना खाली घालून काट्याकडे पाहिलं. माझं मागणं एवढंच होतं.