गाडीत जागा आहे

आमच्या सासरी, जसोंडीत, गाडीची सीट रिकामी नेणं पाप समजतात. केळीला एका वर्षी चांगला भाव मिळाला, त्यात आठ सीटांची मोठी गाडी आली, आणि त्याच महिन्यात लग्न होऊन मीही आले. औक्षण आधी गाडीचं झालं, मग माझं. हे मी अजून विसरलेले नाही.

नियम सासऱ्यांचा. मोतीलाल त्यांचं नाव, आम्ही सगळे बाबा म्हणतो. गाडी निघाली की भरून निघायची. डिझेल तेवढंच जळतं, मग माणसं कमी का न्यायची? हिशोब बिनतोड होता. त्यात नव्या नवरा-नवरीला दोघांनीच कुठे जायची सोय तेवढी नव्हती.

आणि मला तर तेवढंच हवं होतं. लग्नाला वर्ष होईपर्यंत एकदा तरी ललितबरोबर फिरायला जायचं, दोघांनीच. समुद्र नको, हिमालय नको. गाडीत तो आणि मी, बस.

पहिली संधी असीरगडची. मी मोरपंखी साडी नेसले, पुढचं दार उघडलं, एक पाय आत टाकला. तेवढ्यात ललितनेच घराकडे तोंड करून हाक दिली, "चला, कोणाला यायचंय का? जगा आहे गाडीत!"

दहा मिनिटांत घराला कुलूप. पुढच्या सीटवर बाबा, कारण मोठी माणसं असताना सून नवऱ्याशेजारी बसत नाही. मधल्या रांगेत डाव्या खिडकीशी मी, मांडीवर माझ्या जाऊबाईंचं, छायावहिनींचं धाकटं, शेजारी भरीत-पुऱ्यांचं पातेलं धरून सासूबाई. मागे वहिनी, भाऊजी आणि थोरलं पोरगं. मला रडू यायला हवं होतं. पण सासूबाईंनी पातेल्याचं झाकण उघडून "कोणी हात लावायचा नाही" असं बजावलं आणि पहिली पुरी स्वतःच खाल्ली, तेव्हा मी खिडकीला डोकं टेकून पोट धरून हसले. माझं हे असंच आहे. राग आलेला असतो आणि मध्येच हसू फुटतं, मग रागाची पार वाट लागते.

"ललित, हा आरसा वाकडा झालाय," बाबा म्हणाले. "मागची गाडी काय दिसंल याच्यात?"

"बघतो बाबा," ललित म्हणाला.

उन्हाळ्यात ओंकारेश्वर. मी आदल्या दिवशी ललितला हळूच सांगून ठेवलं होतं, की या वेळी कोणाला बोलावू नका. त्याने मान डोलावली. सकाळी गाडी अंगणात उभी केली आणि सवयीने हॉर्न दिला. हॉर्न ऐकून आमच्या घरात कोणी आत राहत नाही. नर्मदेत नाव केली तर तीही आम्हीच भरली. बाबांनी वाटेत आरसा सरळ करायला हात घातला, तर ललित दचकून म्हणाला, "राहू द्या बाबा, मी करतो." केला मात्र नाही. एवढ्या नव्या गाडीचा आरसा वर्षभर वाकडा ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पावसाळ्यानंतर अजिंठा झालं. तिथे लेण्यांपेक्षा सासूबाईंची चप्पल शोधण्यात जास्त वेळ गेला. त्या दुसऱ्याच कोणाची तरी घालून आल्या होत्या आणि वर म्हणत होत्या, "हीच माझी, फक्त इथं येऊन फुगली."

दिवाळीच्या सुट्टीत हनुवंतियाला गेलो. तिथे पाण्यावर चालणारी स्कूटर होती. चालवणाऱ्याच्या मागे दोघांनाच बसता येत होतं. दोघंच! मी ललितकडे पाहिलं. ललितने माझ्याकडे पाहिलं. आणि त्याने आईला पुढे केलं.

"आई, तू बस भूमिकासोबत. मजा येईल."

सासूबाई बसल्या. एका हाताने माझी वेणी, दुसऱ्या हाताने चालवणाऱ्या मुलाचा कान धरून त्या पूर्ण तलावभर "थांबव रे, थांबव रे, अजून एक चक्कर मार रे" असं ओरडत होत्या. हसून हसून माझ्या नाकात पाणी गेलं. काठावर उतरले आणि ललितला पाहिलं, तेव्हा मात्र हसू थांबलं. या माणसाला माझ्याबरोबर एकटं राहायचंच नाही, असं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आणि खूप वाईट वाटलं. घरी खोलीत तरी आम्ही काय बोलायचो? केळीचा भाव आणि उद्याची पाण्याची पाळी.

त्या रात्री मी स्पष्ट सांगितलं. "लग्नाच्या वाढदिवसाला महेश्वरला जायचं. तिसरं माणूस गाडीत चढलं, तर मी उतरेन आणि तडक शाहपूरला आईकडे जाईन."

"चालेल," ललित म्हणाला. चालेल म्हणजे काय, ते त्याने सांगितलं नाही आणि मीही रागात विचारलं नाही.

वाढदिवसाच्या सकाळी मी पिशवी घेऊन अंगणात आले, तर सगळे तयार. बाबांनी टोपी घातलेली, वहिनींनी पोरांना पावडर लावलेली, सासूबाईंच्या हातात पातेलं. मी पिशवी घट्ट धरली. शाहपूरची बस किती वाजता असते, ते आठवू लागले.

ललितने सगळ्यांकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले. मग तो म्हणाला, "आई, गाडीत जगा नाही."

सासूबाईंनी काचेतून आत वाकून पाहिलं. आठ सीटा रिकाम्या होत्या.

"काय म्हणतो हा?" त्यांनी बाबांना विचारलं. "पूर्ण गाडी खाली पडली आहे ना!"

बाबांनीही वाकून पाहिलं, अगदी सावकाश, मधली रांग, मागची रांग. मग टोपी काढून खुंटीला लावली. "नाही ना जगा," ते म्हणाले. "चल आत, चहा ठेव."

सासूबाईंनी पातेलं माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "वापस आणजो, नवीन आहे."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्या गाडीत पुढे बसले. पण गंमत अशी, की दोघांनाही बोलायला काही सुचेना. मी म्हटलं, ऊन आहे. तो म्हणाला, हो. बुऱ्हाणपुरात शिरण्याआधी तो पंपावर हवा भरायला उतरला. म्हटलं, आज तो वाकडा आरसा तरी सरळ करू. म्हणून मी त्याच्या सीटवर सरकले आणि वर पाहिलं.

आरशात रस्ता नव्हता. मागची गाडी नव्हती. मधल्या रांगेतली डावी खिडकी होती, आणि काचेवर माझ्या डोक्याच्या तेलाचा डाग. वर्षभर मी जिथे डोकं टेकून हसले होते, बरोबर तिथला.

माझा हात तसाच वर राहिला. ललित दार उघडून उभा होता.

"हे काय आहे?" मी विचारलं.

त्याने आधी टायरकडे पाहिलं, मग पंपाकडे. "सगळे असले की तू खूप हसते," तो म्हणाला. "माझ्यासमोर एकटी असली की तशी नाही हसत. मला येत नाही ना तसं हसवता. मतलब... म्हणून बोलावतो सगळ्यांना."

वर्षभर मी या माणसावर चिडत होते! त्या स्कूटरवर आईला याने कशासाठी बसवलं, ते आता कळलं. मला एकदम इतका आनंद झाला, की काय करावं ते कळेना. मग मी उतरले, मधलं दार उघडलं आणि डाव्या खिडकीशी जाऊन बसले.

"इथं का?" तो म्हणाला.

"दिसते का नीट?"

त्याने आरशात पाहिलं आणि गाडी चालू करायलाच विसरला. मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्न मारमारून थकला, तेव्हा कुठे आम्ही निघालो. एवढ्या मोठ्या गाडीत पुढे तो एकटा, मागे मी एकटी, शेजारी पातेलं. बुऱ्हाणपुरात शनवारा मोहल्ल्यात कोकिळाआत्या, बाबांची बहीण, ओट्यावर भाजी निवडत बसली होती. मी हात हलवला. तिचा हात मेथीतच राहिला.

दोन मिनिटांत फोन आला. मी स्पीकर लावला.

"ललित!" सासूबाई ओरडल्या. "भांडले का रे तुम्ही? कोकिळाताई म्हणते, सूनबाई मागं बसली, एकटी!"

मी तोंडात पदर कोंबला, पण उपयोग झाला नाही. डोकं खिडकीवर आपटलं आणि पातेल्याचं झाकण खाली पडलं.

"काय आवाज येऊन राहिला? रडते का ती?"

ललितने आरशात पाहिलं.

"हसते आहे आई," तो म्हणाला. "कोणी नाही गाडीत, तरी हसते आहे."