षष्ठीचं भरीत

खोटं बोलायचंच तर माणसानं लांबचं बोलावं. पुण्याचं बोलावं, दिल्लीचं बोलावं. गोपिकानं निवडलं खापरखेडा! नंदनवन वस्तीतल्या त्यांच्या घरापासून दोन बस बदलल्या की पोचलं. तिचा नवरा सुशील तिथल्या वीज केंद्रात इंजिनियर. युनिटचं मोठं काम निघालंय, आठवडाभर दोघंही तिथल्या कॉलनीतच राहू, असं तिनंच त्याला सांगायला लावलं. सासूबाईंनी, म्हणजे कुसुमताईंनी, एक प्रश्न विचारला नाही. उलट चिवड्याचा डबा बांधून दिला आणि निघताना दोघांच्या हातावर दही-साखर ठेवली.

सासू खाष्ट असती तर बरं झालं असतं, मन तरी खात राहिलं नसतं. पण कुसुमताई साध्या. टीव्हीवर समुद्र दिसला की हातातलं काम ठेवून म्हणायच्या, "एकदा पाहाले पाहिजे बाप्पा." अंदमानची तिकिटं काढतोय म्हटलं असतं तर 'आई, तुम्हीपण चला' म्हणावंच लागलं असतं, आणि त्या आल्याही असत्या. लग्नानंतरची प्रत्येक सहल अख्ख्या खटल्यासकट झालेली. गोपिकाला या वेळी ते म्हणायचं नव्हतं. बस, एवढंच.

अंदमानच्या बेटावर सकाळी सुशील दुर्बीण घेऊन झाडीत शिरला. रविवारी कोराडीच्या तलावावर बदकं पाहणारा माणूस, इथं तर त्याला आभाळ ठेंगणं झालं. "गोपे, तो पाहा काळा सुतार! लाल तुऱ्याचा. या बेटांशिवाय कुठंच नाही भेटत."

तिनं दुर्बीण लावली. पक्षी खोडावर टकटक करत होता. तिला वाटलं, कोणी दारच वाजवून राहिलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

दुपारी मात्र ती सगळं विसरली. चेहऱ्यावर मास्क, तोंडात नळी, आणि खाली पिवळ्या पट्ट्यांचे मासे तिच्या बोटांमधून जात होते. एक चोचीचा मासा प्रवाळ कुरतडत होता. पाण्यात तिला स्वतःच्या श्वासाखेरीज काही ऐकू येत नव्हतं. किती वर्षांनी ती अशी नुसती सुखात होती.

किनाऱ्यावर आले तर सुशीलच्या फोनवर कुसुमताईंचे मिस्ड कॉल. सुशीलनं फोन लावला, स्पीकरवर.

"काय झालं आई? ड्युटीवर होतो, फोन लॉकरमध्ये होता."

"काही नाही. जेवले काय दोघं?"

"हो, कॅन्टीनमध्ये."

"हा कायचा आवाज होऊन राहिला गा?"

सुशीलनं लाटांकडे पाहिलं. "कूलिंग टॉवरचा. पाणी पडते ना वरून."

"बरं," कुसुमताई म्हणाल्या.

त्यानं फोन टॉवेलवर टाकला आणि तोंड पुसलं. "आईले आणाले पाहिजे होतं."

"पुढच्या वेळी आणू," गोपिका म्हणाली. "त्या असल्या की मले मोकळा श्वास नाही घेता येत. हे तरी माझं राहू द्या."

बोलून गेली खरी, पण स्वतःचीच लाज वाटली. संध्याकाळी ती पुन्हा पाण्यात उतरली नाही.

घरी परतले त्या रात्री ताटात भरीत आणि रोडगे होते. तेव्हा कुठं गोपिकाच्या डोक्यात प्रकाश पडला. आषाढी एकादशीपासून या घरात वांगं बंद. चंपाषष्ठीला भरीत करून ते उघडायचं, आणि लेकासुनेनं पहिला घास घेतल्यावरच कुसुमताई खाणार. षष्ठी सहलीच्याच दिवसांत होती, आणि दोघांनाही तिची आठवण राहिली नव्हती.

"आई, षष्ठी तर होऊन गेली," सुशील चाचरत म्हणाला.

"त्या दिवशी घेऊनच आली होती मी खापरखेड्याले. गरम खाल म्हटलं. फाटकावर सांगतलं, साहेब सुट्टीवर आहेत. मी म्हटलं, याले काय माहीत? मंग तुमचा फोन आला." त्यांनी भरितावर तेल सोडलं. "टॉवर तिथूनच दिसते. त्याचा आवाज मलेही येऊन राहिला होता. तुझ्या फोनातला येगळा होता."

सुशील ताटातला रोडगा कुस्करत राहिला.

"मंग ते भरीत?" गोपिकानं कसंबसं विचारलं.

"गाईले घातलं. समुद्राचा आवाज लय मोठा हाय वं. तुम्ही फोन बंद कराले विसरले होते. मीही नाही केला. बस येईपर्यंत ऐकत होती."

गोपिकाला टॉवेलवर पडलेला फोन दिसला, आणि त्याच्या शेजारी बसून आपण काय बोललो ते शब्दन् शब्द आठवलं. तिनं वर पाहिलं. कुसुमताईंचं ताट रिकामं होतं, फक्त कडेला मीठ वाढलेलं.

"खा वं पोरी," त्या म्हणाल्या. "तू खाल्ल्याशिवाय मले वांगं उघडता येत नाही."