कड बघ

“मोठं दिसतंय म्हणून भुलू नकोस. कड बघ, पोरी, कड!”

डार्करूमच्या लाल उजेडात असं बजावणारे वडील जाऊन वीस वर्षं झाली होती. स्टुडिओ मुलीकडे आला, आणि ओळखपत्रांचे फोटो काढता काढता तिचं नावच फोटोताई पडलं. आज लेन्सच्या दुकानात उभी असताना तोच आवाज तिला अगदी कानाशी ऐकू आला.

तिला चंद्र हवा होता, आईसाठी. आईच्या नजरेत मधोमध एक धुरकट डाग आला होता आणि तो पसरत चालला होता. डोळ्यांच्या कोपऱ्यांतून दिसेल तेवढंच. तेही फार दिवसांचं नाही, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. चंद्र दिसेल त्या प्रत्येक दिवेलागणीला फोटोताई पलंगाशी बसून तो आईला सांगायची. आज केवढा, कुठवर आलाय, कुणाच्या गच्चीवर टेकलाय. ताप असला तरी हा नेम तिनं मोडला नव्हता. एके दिवशी आई म्हणाली, “तुझ्या तोंडून पुष्कळ पाहिला गं. एकदा त्याचे खड्डे माझ्या डोळ्यांनी बघू दे. अख्ख्या चंद्राचे.”

“दाखवीन,” फोटोताईनं शब्द दिला होता.

“हा घ्या ताई, सहाशेपर्यंतचा झूम!” दुकानदारानं तोफेसारखी लेन्स पुढे केली. “वर हा दुपटीचा जोड लावला की चंद्र घरात येऊन बसेल.”

सोबत आलेला तिचा थोरला भाऊ, दादा, खिदळला. “नाकापेक्षा मोती जड! कॅमेरा बिचारा तोंडावर आपटेल.”

फोटोताईनं स्टँड दुकानाच्या पायरीवर नेऊन रोवला. रस्त्याच्या टोकाला पाण्याची टाकी, टाकीला लोखंडी शिडी, मागे पांढरं आभाळ. तिनं शिडीचा फोटो काढला आणि पडद्यावर मोठा करून पाहिला. जोड लावला तर शिडी अंगावर येईल एवढी दिसली, पण पायऱ्या दुधात भिजल्यासारख्या. जोड काढला तरी लोखंडाच्या काठाला जांभळी रेघ होतीच.

“बडा घर पोकळ वासा,” ती हळूच म्हणाली. “खालच्या कप्प्यातली ती राखाडी दाखवा.”

“ती? ती जुनी, पाचशेची. झूम नाही, काही नाही. फोकससुद्धा हातानं करावा लागतो.”

“आम्हाला तेच येतं.”

राखाडी लेन्समधून शिडीची पायरी न् पायरी पात्यानं कापल्यासारखी उतरली. फोटोताईच्या चेहऱ्यावर हसू आलं.

“चंद्र छोटा येईल हं,” दुकानदार म्हणाला. “मग म्हणाल, सांगितलं नाही.”

“कॅमेऱ्याच्या आत साडेचार मिलिमीटर येईल. ओळखपत्राच्या फोटोत बुबुळ याहून बारीक असतं. लोकांची बुबुळं मोठी करण्यातच जन्म गेलाय माझा.”

त्या आठवड्यात अर्धा चंद्र होता. दादाला राहवेना. “अर्धा कशाला काढतेस? पौर्णिमेला अख्खा मिळेल की!”

“पौर्णिमेचा चंद्र म्हणजे समोरून फ्लॅश मारलेला चेहरा रे. नाक-गाल सगळं सपाट. खड्डे दिसायचे तर उजेड बाजूनं हवा. आत्ता हा अर्धा, उरलेला दुसऱ्या पंधरवड्यात.”

ऊन उतरल्यावर दोघं गच्चीवर गेली. पहिले वीस फोटो वाया! चंद्राची कड उकळत्या पाण्यासारखी हलत होती. लेन्सच चुकली की काय, म्हणून तिनं ती काढून, पुसून पुन्हा लावली. मग चटका बसला म्हणून तिनं पाय उचलला, आणि डोक्यात प्रकाश पडला. गच्ची दिवसभर तापली होती. तिच्यावरची गरम हवाच हलत होती.

“दादा, स्टँड उचल! खाली गवतावर चल.”

“माझे गुडघे?”

“तेही आण.”

गवतावर हवा शांत होती. फोटोताईनं श्वास रोखून फोकस केसभर फिरवला. हाताचा धक्का नको म्हणून टायमर लावला आणि मागे सरली. खट्.

तिसऱ्या दिवशी आईच्या पलंगासमोरच्या भिंतीवर खिडकीएवढा अर्धा चंद्र लागला. दोघांनी धरून आईला जवळ नेलं. कुणी काही बोलायचं नाही, असं फोटोताईनं दादाला बजावलं होतं. आईनं मान तिरकी केली, डोळ्याच्या कोपऱ्यातून कितीतरी वेळ पाहिलं. मग तिचं बोट उजेड-अंधाराच्या काठावर जाऊन थांबलं.

“हा खड्डा. आणि... अगं, याच्या मधोमध टेकाड आहे!”

दादा नाक लावून बघायला पुढे झाला. “आहे की! मला नव्हतं दिसलं.”

“तुला चष्मा लागलाय,” आई म्हणाली, आणि तिघंही डोळ्यांत पाणी येईतो हसली. आई पुढे एकेक खड्डा बोटानं मोजत सुटली. तेविसाव्यावर थांबली. “उरलेला अर्धा?”

“तो पहाटेचा असतो, आई. दोन आठवड्यांनी.”

दोन आठवड्यांनी, उजाडायच्या बेतात, आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. फोटोताईनं राखाडी लेन्स टॉवेलमध्ये गुंडाळली, स्टँड खांद्याला लावला, चपला हातात घेतल्या आणि आवाज होऊ न देता कडी काढली.