ठकीच्या मुठीतली गुंडी

जुनी झाले मी आता, मित्रांनो. शिंपल्याची एक गुंडी. तुम्ही बटण म्हणता ना, तीच. समुद्र माझं माहेर. तिथून मला आणलं, कापलं, घासलं, पोटाला दोन भोकं पाडली. मग एका मुलीनं मला आपल्या धाकट्या भावाच्या सदऱ्यावर टाचलं आणि सदरा माझं सासर झालं. त्या भावाला आई नव्हती. न्हाऊ-माखू घालायची ती ही बहीणच. शाळेच्या नाटकात तो पहिल्यांदा उभा राहणार होता. "छाती काढून बोल. गुंडी तुटली तर मी आहे शिवायला," ती म्हणाली. तो बोलला. मी तुटले नाही. त्याच्या छातीतली धडधड मात्र माझ्या अंगात कायमची शिरली.

सदरा विटला, त्याचं पायपुसणं झालं आणि मी गुंड्यांच्या डब्यात गेले. भाऊ मोठा होऊन नट झाला. तसा लहानच नट. टीव्हीच्या मालिकेत कुणी आजारी पडलं की डॉक्टर म्हणून त्याला बोलावत. "आता आपल्या हातात काही नाही," एवढं बोलून निघायचं. "तुमच्या हातून अजून एक पेशंट वाचला नाही," त्याची बायको चिडवायची.

त्यांची लेक ठकी. ती थोडी मोठी झाली आणि मला पुन्हा काम मिळालं. बक्षिसांचा मोसम आला की पेपरच्या पुरवणीत शर्यतीतल्या नटनट्यांचे फोटो छापून येत. आई ती पुरवणी सतरंजीवर पसरायची. जो जिंकेल असं वाटेल त्याच्या फोटोवर प्रत्येकानं आपली गुंडी ठेवायची. नियम बाबांनी घातलेला: आवडतो त्याच्यावर नाही, जिंकेल त्याच्यावर. हरेल त्यानं भांडी घासायची. मी ठकीची गुंडी. कुणाच्या मुलाखती फार येतात, कुणाचं नाव पाहुण्यांच्या तोंडी आहे, सगळं ती टिपून असायची. ती कधी चुकली नाही. बाबा तिला "भविष्यवाल्या बाई" म्हणत आणि हसत भांडी घासत.

मग एका मालिकेत बाबांना मुक्या राखणदाराचं काम मिळालं. शब्द एकही नाही, नुसते डोळे. लोकांनी ते डोळे उचलून धरले आणि त्या साली पुरवणीत बाबांचाच फोटो आला. आईनं आपली गुंडी बाबांवर ठेवून दिली. ठकीची मूठ मिटलेलीच. मी आत घामानं भिजले होते.

"ठेव की गं. घरचं माणूस आहे."

"मग नियमाचं काय, आई?"

"बरोबर बोलली," बाबा म्हणाले. "मी आहे म्हणून सूट नको."

ठकीनं मला शेजारच्या फोटोवर ठेवलं. तो बडा नट होता, सगळीकडे त्याचंच नाव. बाबा हसले; पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही, हे मला खालून दिसत होतं.

बक्षीस-सोहळ्याच्या दिवशी बाबांचा इस्त्रीचा सदरा खुंटीवरच राहिला.

"कशाला जायचं? हरणाऱ्याच्या तोंडाजवळ कॅमेरा नेमका येतो. टाळ्या वाजवायच्या, त्याही हसून."

"अहो, आक्का वाट बघतील."

आक्का म्हणजे मला टाचणारी ती बहीण. दूरच्या गावी ती अंथरुणाला खिळली होती. आदल्याच दिवशी तिचा फोन आला होता, "उशीला टेकून टीव्हीपुढं बसणार आहे मी. तू दिसलास की शेजारणीला दाखवीन."

"सांगतो तिला, सर्दी झाली म्हणून," बाबा म्हणाले. सांगतो सांगतो म्हणता ते राहूनच गेलं.

टीव्हीवर लिफाफा फोडला. नाव बाबांचं निघालं.

कॅमेरा खुर्च्यांतून त्यांना शोधत फिरला. शेवटी कुणीतरी भलताच माणूस वर जाऊन बक्षिसाची बाहुली घेऊन आला. मग बाबांनी ठकीला जवळ ओढलं. "बघ, चुकलीस. एकदा तरी चुकलीस, तीही माझ्यासाठी." ठकी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

फोन वाजला. आक्का होती.

"नाव ऐकलं रे. पण तू कुठं होतास? चष्मा पुसून पुसून बघितलं."

"मागच्या रांगेत होतो, आक्का."

"असशील. मला मेलीला हल्ली नीट दिसत नाही."

बाहुली घरी आली तशी ती घेऊन बाबा आक्काकडे निघाले. ते पोचायच्या आत आक्का गेली.

ठकीला कुणी काही बोललं नाही. तेच तिला जड गेलं. पुढच्या साली आईनं पुरवणी पसरली, तर ठकीनं ती घडी घालून ठेवली. "मला अभ्यास आहे." बाबांनी डब्याचं झाकण लावलं. आता ठकी नोकरी करते. मोसमात लोक विचारतात, यंदा कोण? ती म्हणते, "मला नाही कळत त्यातलं." कधी डबा उघडला, तर मला बोटानं बाजूला सारते आणि दुसरी गुंडी घेते.

मित्रांनो, कोण जिंकेल याचा अंदाज खुशाल बांधा. त्यात पाप नाही. ठकीनंही काही वाईट केलं नव्हतं. पण आपलं माणूस आशेनं निघालं असेल, तर त्याच्यापुढं जग काय म्हणतंय ते मांडू नका. त्याच्या चपला सरळ करून ठेवा. हरून आलं तर ताट वाढा. जिंकून आलं, तरी ताटच वाढायचं आहे. पण त्याला जाऊ द्या.