रंगाखाली बुजलेलं तोंड

मित्रांनो, मी एक जुना सर्किट बोर्ड आहे. रायपूर राजधानी झालं तेव्हा तात्यापारा वस्तीजवळच्या चौकात जो सिग्नल लागला, त्याच्या पेटीत मी बारा वर्षं काढली.

भनपुरीच्या एका छोट्या कारखान्यात मंदाकिनीताईंनी मला घडवलं. आधी कोणता दिवा होता हे लक्षात ठेवून पुढचा लावायचा, हे माझं काम. ती आठवण माझ्या सोळा घरांत असे. पण पोटातली आठवण बाहेरून कुणाला दिसणार? म्हणून ताईंनी सगळी घरं एका माळेत ओवली आणि माळेचं टोक पेटीबाहेरच्या एका खाचेत आणलं. तिथे तार लावली, की हवी ती स्थिती आत घालता येई आणि आतली एकेक करून वाचता येई.

"दुखलं तर सांगता यायला पाहिजे ना याले," ताई म्हणाल्या. किती बरं वाटलं मला!

पुढे ताई नागपूरला गेल्या. देखभाल हरिदासभाऊंकडे आली. मोठा मायाळू माणूस. दर विश्वकर्मा पूजेला पेटी धुवायचे, हिरवा रंग द्यायचे, झेंडू वाहायचे. पहिल्याच वर्षी खाच रंगाने बुजली.

बाराव्या वर्षी माझा जोडणीचा एक टाका सुटला. एरवी सगळं सुरळीत. पण वीज जाऊन आली की कधीतरी लाल दिव्यावरच अडकायचो. तपासणारे यायचे, घटकाभर दिवे पाहायचे, "ठीक तो है" म्हणून जायचे. शेवटी मला पेटीसकट भंगारात टाकलं. दुखणं कुठे आहे हे मला ठाऊक होतं, पण सांगणार कसं? इतका एकटा मी कधीच नव्हतो.

हरिदासभाऊंना राहवलं नाही. त्यांनी फोन करून ताईंना बोलावलं. ताईंनी केसांतल्या पिनेने खाच खरवडली, बॅटरी आणि तार जोडली. दोन मिनिटंही लागली नाहीत.

"सातवं घर. टाका सुटला, बस."

"मंग हा बोलला काहून नाही, ताई?"

ताईंनी खरवडलेले हिरवे पापुद्रे हरिदासभाऊंच्या तळहातावर ठेवले. "तोंडच रंगवून टाकलं होतं ना तुम्ही, भाऊ."

"मी तर देवासाठी रंगवून राहिलो होतो," म्हणत ते पेटीवर हात फिरवत बसले.

मी बरा झालो, पण चौकात नवी पेटी लागली होती. आता मी ताईंच्या कपाटात पडून असतो. मित्रांनो, कुणी अडून बसला, तर नुसते बाहेरचे दिवे पाहून निकाल देऊ नका.

नव्या पेटीलाही खाच आहे. ताई सांगतात, हरिदासभाऊ रंग देण्याआधी तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवतात आणि रंग वाळला की आठवणीने काढतात.