मी तिचा दुसरा हात नव्हतो

मी एक जुना शिकंजा आहे, आणि माझ्याबद्दल एक खोटी गोष्ट पसरलेली आहे. मित्रांनो, ती खोडून काढण्यासाठीच मी आज माझी हकिकत सांगायला बसलो आहे. नाहीतर लोखंडाला बोलायची हौस नसते.

तुमच्यापैकी काहींनी शिकंजा पाहिला नसेल. माझे दोन जबडे आहेत. समोरचा दांडा फिरवला की जबडे जवळ येतात आणि मधली वस्तू घट्ट धरून ठेवतात. मग कारागीर ती कापतो, घासतो, वाकवतो. धरून ठेवणं एवढंच माझं काम. दांडा मात्र आपोआप फिरत नाही. तो कोणीतरी फिरवावा लागतो. हे वाक्य लक्षात ठेवा.

माझा जन्म ओतशाळेत झाला. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं, ते निवू दिलं, मग साचा फोडून मला बाहेर काढलं. कोणी घाई केली नाही, कोणी ओढाओढ केली नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे मी जिच्या घरी गेलो तिच्या जन्माच्या वेळी तेवढीही सबुरी कोणी दाखवली नव्हती. तिचं डोकं बाहेर आलं आणि खांदा आत अडकला. तेव्हा तिला डोकं धरून ओढलं. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या, काही तुटल्या. मूल रडलं म्हणून सगळे हसले. उजवा हात हलत नाही हे आंघोळ घालताना कळलं.

माझी पहिली वर्षं कारखान्यात गेली. तिथे माझ्यावर दणके बसायचे, तेलही मिळायचं. पुढे नवे शिकंजे आले आणि मी भंगाराच्या ढिगात पडलो. तिथून मला एका फिटरने उचललं आणि सायकलला बांधून घरी नेलं. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं.

"बघ, काय आणलंय तुझ्यासाठी," तो बायकोला म्हणाला.

"लोकांच्या बायकांना दागिने येतात," ती म्हणाली. "मला लोखंड."

पण ती हसत होती. तिचे वडील कुलूपवाले होते आणि चाव्या बनवायचं काम तिला त्यांनीच शिकवलं होतं. तोवर ती चावी गुडघ्याखाली दाबून कानशीने घासायची. उजवा हात खांद्यातून आत वळलेला, कोपरात वाकलेला. तो तोंडापर्यंतही जात नसे. बोटं थोडी चालायची, पण चावी दाबून धरण्याइतका जोर त्यांत नव्हता. तो हात ती एप्रनच्या खिशात ठेवायची, जसं कोणी न लागणारं हत्यार ठेवतं. तिने माझ्या जबड्यात ग्राहकाची चावी आणि कोरी चावी एकावर एक ठेवली, डाव्या हाताने दांडा आवळला आणि कानस फिरवून पाहिली.

"हलत नाही," ती म्हणाली. एवढंच म्हणाली, पण तशी शाबासकी मला कारखान्यात कधी मिळाली नव्हती.

फिटरने मला घराच्या पुढच्या खोलीत बाकाला पक्कं बसवलं. रस्त्यावर उघडणारी खिडकी हेच दुकान. लवकरच घरातली प्रत्येक गोष्ट माझ्याकडे येऊ लागली. बरणीचं झाकण उघडायचं, आणा शिकंज्यात. काकडी सोलायची, फडक्यात गुंडाळा आणि शिकंज्यात. लेकीची पेन्सिल, तुटलेली चप्पल, सुईत दोरा ओवायचा असेल तर सुईसुद्धा. लेक शाळेत सांगायची, "आमच्या घरी भोपळ्यालाही अटक होते."

गल्लीत नाव झालं. लोक चावी करायला कमी आणि बघायला जास्त यायचे. फिटर खिडकीशी उभा राहून अभिमानाने सांगायचा, "आमची ही एका हाताने दोघांचं काम करते. अगं, ते झाकण उघडून दाखव ना यांना." आणि ती दाखवायची. मग कोणीतरी माझ्याकडे बोट करून म्हणायचं, "हा शिकंजा म्हणजे चावीवालीचा दुसरा हात."

हीच ती खोटी गोष्ट.

मित्रांनो, जरा विचार करा. झाकण धरायला मी होतो, पण मला आवळायला कोण होतं? तिचा डावा हात. सोडायला? तोच डावा हात. कानस कोणाच्या हातात? डाव्याच्या. बरणी आणायला, ठेवायला, काकडी सोलायला, सांडलेलं पुसायला तोच. साधा माणूस दोन हातांनी एकदा जे करतो, ते ती एका हाताने चार खेपांत करत होती, आणि माझ्यामुळे त्यात दांडा फिरवण्याचं काम वाढलंच होतं. मी तिचा दुसरा हात नव्हतो. मी तिच्या पहिल्या हाताचं आणखी एक काम होतो.

हे तिला ठाऊक होतं. बाकी कोणाच्या डोक्यात ते शिरलं नाही.

एकदा तिचा सत्कार झाला. काचेचं जड मानचिन्ह होतं. देणाऱ्याने ते तिच्या उजव्या बाजूने पुढे केलं. तिने वळून डाव्या हाताने घेतलं. फोटोवाला म्हणाला, "मॅडम, दोन्ही हातांनी धरा, छान दिसेल." घरी आल्यावर तिने ते माझ्याशेजारी बाकावर ठेवलं आणि खांदा चोळत बसली.

"किती टाळ्या पडल्या गं," फिटर म्हणाला.

"पडणारच," ती म्हणाली. "टाळ्या वाजवायला सगळ्यांचे दोन्ही हात मोकळे असतात."

तो हसला. त्याला तो विनोद वाटला.

वय वाढलं तसा डावा खांदा दुखू लागला. सकाळी बोटं बधिर असायची. कुलूप उघडायला घेतलं की मनगट कचकन बोलायचं. लेक तोवर नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली होती. तिने फोनवर खूप मागे लागून आईला डॉक्टरांकडे पाठवलं. चावीवाली परत आली तेव्हा फिटर वर्तमानपत्र वाचत होता. तो आता निवृत्त झाला होता.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, जन्मापासूनचं दुखणं आहे. आता काही होण्यासारखं नाही."

"मग बरोबरच आहे ना."

"अहो, मी डावा दाखवायला गेले होते. ते सगळा वेळ उजवाच बघत बसले."

फिटरने पान उलटलं. "तू घाबरतेस उगाच. आजवर निभावलंस की."

त्या दिवसापासून तिचं एकच मागणं होतं. फार मोठं नव्हतं. तिला वाचवायचा होता तो उरलेला एक हात, आणि त्यासाठी तिला माझा दांडा फिरवायला कोणी हवं होतं. ती चावी जबड्यात ठेवायची आणि हाक मारायची, "अहो, जरा आवळून देता?"

"आलोच," आतून उत्तर यायचं.

'आलोच' हा त्या घरातला सगळ्यात जुना शब्द होता. फिटर खोटं बोलत नव्हता. तो खरंच यायचा. चहा संपवून यायचा, बातमी संपवून यायचा, चष्मा शोधून यायचा. तोवर तिने दांडा आवळलेला असायचा. मग तो म्हणायचा, "झालं पण? बघ, तुला कोणाची गरजच नाही."

पुढे बोटांत जोर राहिला नाही, तेव्हा तिने दांड्यावर पाइपाचा तुकडा चढवला. लांब दांड्याला कमी जोर लागतो. फिटरने ते पाहिलं आणि खिडकीतल्या ग्राहकाला म्हणाला, "डोकं बघा बाईचं."

मग तो दिवस आला. एक बाई घराबाहेर अडकली होती. शेजारणीकडे ठेवलेली तिची जोडचावी वाकली होती आणि दारात फिरत नव्हती. नवी करून हवी होती. घरात तिचं लहान मूल झोपलेलं होतं.

"काकू, लवकर होईल ना?" बाई विचारत होती.

चावीवालीने वाकलेली आणि कोरी, दोन्ही चाव्या माझ्यात ठेवल्या. "अहो, आवळून द्या जरा. घाईचं आहे."

"आलोच."

ती थांबली. बाई खिडकीचा गज धरून उभी. आत टीव्हीवर सामना चालू होता. ती पुन्हा म्हणाली, "अहो." पुन्हा तेच उत्तर आलं. मग तिने पाइपावर डावा हात ठेवला आणि अंगाचा सगळा भार टाकला. दांडा फिरला. तिच्या खांद्यात काहीतरी तुटल्याचं मला पाइपातून कळलं. कोपर अंगाला चिकटवून, नुसत्या मनगटावर तिने कानस चालवली, चावी बाईला दिली आणि स्टुलावर बसली.

फिटर बाहेर आला. "झालं पण?"

"झालं," ती म्हणाली. "आता हा पण झाला."

त्यानंतर डावा हात वर उठलाच नाही. मग फिटर सगळं करू लागला. घास भरवायचा, केस विंचरायचा, बटणं लावायचा, तिच्या नाकावरची माशी हाकलायचा. मनापासून करायचा, हे मी कबूल करतो. एकदा तिच्या बाहीत हात घालता घालता दमून म्हणाला, "बाप रे, एवढं काम असतं होय यात?"

ती भिंतीकडे बघत म्हणाली, "वेगळं काही नाही. पहिल्यापासून तेवढंच असतं."

हिवाळ्यात तिच्या छातीत कफ भरला आणि ती गेली.

भेटायला लोक आले. मानचिन्हाकडे बघून, माझ्याकडे बघून हळहळले. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "धन्य ती बाई. एका हाताने अख्खा संसार ओढला."

फिटरने मान वर केली. "एका हाताने कशाला ओढावा लागला?" तो म्हणाला. "या घरात तीन चांगले हात होते. दोन माझे होते."

गृहस्थांनी चप्पल घातली आणि ते निघून गेले.

आता खिडकी बंद असते. पाइपाचा तुकडा अजून दांड्यावर आहे. फिटर रोज माझ्यासमोर येऊन बसतो, दांडा आवळतो, सोडतो, पुन्हा आवळतो. जबड्यात काहीच नसतं. कोणी हाक मारलेली नसते. तरी तो येतो आणि वेळेवर येतो.

मित्रांनो, तुमच्या घरात, वर्गात, कामाच्या जागी असं कोणी असेल, तर त्याचं कौतुक जरा कमी करा. एका हाताने झाकण उघडून दाखव, असं कोणाला सांगू नका. दुखतंय म्हणाला तर कोणता हात, ते विचारा. आणि त्याने हाक मारली तर 'आलोच' म्हणू नका. उठा आणि दांडा फिरवा. मला तेल घातलं नाही तरी चालेल. मी लोखंड आहे, मी गंजेन आणि पडून राहीन. तिला हात एकच होता.