पंखा लावला की झालं?

मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे. डोक्यावर गरगरणारा नव्हे, भिंतीच्या भोकात बसून खोलीतला धूर बाहेर ओढणारा. रिसोडला बाजार समितीच्या रस्त्यावर दौलतरावांचा बार आणि जेवणाचं हॉटेल आहे, तिथे माझा मुक्काम. तुम्ही मुलांनी अशा जागी येऊ नये, पण माझी हकिगत जरूर ऐकावी. मला फार राग आलेला आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझी पाती आरशासारखी लखलखत होती. वाटलं होतं, फोडणीचा ठसका ओढावा, भाजीची वाफ ओढावी, चार लोकांचा दुवा घ्यावा. पण दौलतरावांनी मला आणलं ते बिड्या-सिगारेटींसाठी. वायरमन अनुप मला रस्त्याकडच्या भिंतीत बसवणार होता. त्या भिंतीवर हॉटेलचं नाव ठसठशीत लाल अक्षरांत रंगवलेलं होतं.

"नावाले भोक नको पाडू बाप्पा!" दौलतराव म्हणाले. मग मी मागच्या भिंतीत बसलो. मागे तेव्हा मोकळी जागा होती, एक लिंबाचं झाड होतं.

पुढे धंदा वाढला. झाड तोडलं, मोकळ्या जागेवर टिनाचे पत्रे चढले आणि तिथे स्वयंपाकघर उभं राहिलं. मला हलवायचं मात्र कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही. इकडून ओढलेला धूर मी तिकडे सोडत राहिलो, थेट लिलाबाईंच्या डोक्यावर.

लिलाबाई म्हणजे या हॉटेलची चव. त्यांच्या हातची टम्म फुगलेली भाकरी खायला लोक शिरपूरहून येतात. त्यांना माझ्या भोकाखाली बसवलेलं आहे, हे त्या लोकांना कुठे माहीत?

आता या हॉटेलातला रिवाज ऐका. 'धूम्रपानास सक्त मनाई' अशी पाटी दाराजवळ आहे. तिच्यावर बियाण्यांच्या दुकानाचं कॅलेंडर लटकवलेलं असायचं. ज्याला बिडी प्यायची तो आधी उठून माझं बटण दाबायचा आणि मगच काडी ओढायचा. शेजारच्या टेबलावर लेकरंबाळं घेऊन कोणी जेवत असलं तर अदबीनं सांगायचा, "पंखा लावला ताई, तुमाले तरास नाई होनार." झालं! माझं बटण दाबलं की कायदाही पाळला आणि माणुसकीही! अरे, पण धूर गेला कुठे? एकानंही भिंतीपलीकडे डोकावून पाहिलं नाही.

लिलाबाईंना खोकला लागला. आधी सकाळचा, मग दिवसभराचा. भाकरी थापता थापता त्या परातीवर ओणव्या व्हायच्या आणि श्वास सापडेपर्यंत तशाच राहायच्या. एकदा डॉक्टरकडून आल्या आणि भांडी घासणाऱ्या नानीबाईंना म्हणाल्या, "डाक्टर इचारते, बिडी किती वर्सापासून पेता? म्या म्हनलं, म्या तं जलमात हात नाई लावला. त्याले खरंच वाटत नोतं."

नानीबाई हसल्या. मला हसू आलं नाही. ज्या बाईनं कधी बिडीला हात लावला नाही, तिच्या छातीत अख्ख्या बाजाराच्या बिड्या!

सोयाबीनचा हंगाम होता. हॉल गच्च भरलेला आणि भर दुपारी मी बंद पडलो. पात्यांवर चिकट काळी पुटं चढली होती, शेवटी फिरणंच थांबलं. थोड्याच वेळात हॉलमध्ये समोरचा माणूस दिसेना.

"दौलतभाऊ, पंखा काहून बंद हाय? डोये झोंबून राह्यले ना!" ओरडणाऱ्याच्या स्वतःच्या हातात पेटती बिडी होती.

आणि भिंतीपलीकडे? लिलाबाई एकामागून एक भाकऱ्या टाकत होत्या. खोकला नाही, ओणवं होणं नाही. एक भाकरी हातावरच राहिली. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं उमगलं होतं.

अनुप आला, त्यानं मला खाली काढलं. लिलाबाई हात पिठाचे तसेच घेऊन हॉलमध्ये आल्या. माझ्या पात्यावर बोट ओढून त्यांनी ते काळं बोट दौलतरावांपुढे धरलं.

"भाऊ, हे पाह्यलं? हेच माह्या छातीत हाय. पंखा बसवा, पन तोंड तुमच्या गल्ल्याकडं करा."

"अशानं गिऱ्हाईक पयून जाईन, लिलाबाई!"

"गिऱ्हाईक गेलं तं दुसरं येईन. माहा जीव गेला तं दुसरा आनता का? उद्यापासून भाकरी तुमीच थापा."

अनुपनं मालकाला विचारलंसुद्धा नाही. त्यानं मला स्वच्छ पुसलं आणि उलटं बसवलं. मी आता स्वयंपाकघराची हवा हॉलमध्ये आणू लागलो. दौलतराव गल्ल्यावर बसले. एका टेबलावरच्या बिडीचा लोट माझ्या वाऱ्यानं थेट त्यांच्या नाकात शिरला. डोळे चोळत ते उठले, कॅलेंडर उतरवलं आणि ओरडले, "बिडी प्यायची तं बाहीर जा! पाटी दिसत नाई काय?"

मित्रांनो, संताप होतो तो याचाच. पाटी तेव्हाही तिथेच होती! इतकी वर्षं धूर दुसऱ्याच्या छातीत जात होता, तोवर मालकांना ती वाचता येत नव्हती.

आता हॉलमध्ये फोडणीचा वास दरवळतो आणि लोक भाजी जास्त मागवतात. पण लिलाबाईंचा दम पूर्ण परतलेला नाही. श्वासाचा पंप त्यांच्या पदराला बांधलेला असतो. माझी पाती कापडानं पुसता आली, छाती कशानं पुसणार?

काल एक नवखं गिऱ्हाईक बिडी काढून उठलं, माझं बटण शोधू लागलं. आतून खोकल्याची उबळ ऐकू आली.

"कोन खोकून राह्यलं?" त्यानं विचारलं.

"तुमची भाकर थापनारी," दौलतराव म्हणाले.

त्यानं बिडी खिशात ठेवली. मित्रांनो, उद्या कोणी तुम्हाला म्हणालं, "पंखा लावला आहे, त्रास होणार नाही," तर त्याचा हात धरा आणि त्याला भिंतीपलीकडे घेऊन जा.